अंधारा हिवाळा आणि हाडे: साठ हजारांचे पाकीट न्यावे की रोजची गोळी घ्यावी?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन अथवा फिनलंड येथे जाणाऱ्यांपुढे सामान बांधताना हा प्रश्न हमखास उभा राहतो. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ड जीवनसत्त्वाचे 60,000 आययूचे (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक) पाकीट सहज मिळते, ते आठवड्यातून एकदा दुधात ढवळून घ्यायचे असते, आणि महिन्याला चार पाकिटांत काम भागते. तिकडे मात्र दुकानाच्या फळीवर रोज घ्यायच्या बारीक गोळ्या दिसतात, शेजारी माशाच्या यकृताच्या तेलाच्या बाटल्या असतात, आणि कोणीतरी प्रकाशाचा दिवा विकत घेण्याचा सल्ला देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: निरोगी प्रौढ व्यक्तीने तेथील हिवाळ्यासाठी रोजची लहान मात्रा निवडावी. साठ हजारांचे पाकीट हे कमतरतेवरचे औषध आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावे.

पर्यायांची तुलना करण्यापूर्वी हा अंधार किती लांबीचा असतो ते पाहिले पाहिजे, कारण घड्याळात दिसणारा अंधार आणि त्वचेला जाणवणारा अंधार यांत मोठा फरक आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी साधारण 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या अतिनील-बी लहरी लागतात, आणि सूर्य क्षितिजाजवळ राहिला की त्या वातावरणातच गळून जातात. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार 42 अंश उत्तरेवरील बॉस्टन येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि सुमारे 53 अंशांवरील, कॅनडातील एडमंटन येथे ऑक्टोबर ते मार्च या काळात त्वचेत हे जीवनसत्त्व तयारच होत नाही. लंडन एडमंटनच्या थोडेसेच दक्षिणेला आहे. नॉर्वेतील ट्रोम्सो येथे सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही, पण हाडांच्या दृष्टीने तेथील रात्र त्याहून कितीतरी लांब असते. फेब्रुवारीतील लख्ख उन्हात खिडकीच्या काचेआड बसूनही काही पदरात पडत नाही, कारण अतिनील-बी लहरी काचेतून आत येत नाहीत. रक्तात फिरणाऱ्या ड जीवनसत्त्वाचे प्रमाण नवी भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत निम्मे होते. मेद आणि स्नायूंतील साठ्यामुळे ही घसरण थोडी लांबते, तरी उन्हाळ्यातल्या शिल्लकीवर मार्च गाठणे कठीणच असते. सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करण्यासाठी अधिक वेळ ऊन लागते, त्यामुळे आपली शिल्लक मुळातच तुटपुंजी असते.

ग्लासगोमध्ये 1960 च्या दशकापासून दक्षिण आशियातून आलेल्या कुटुंबांतील मुलांत मुडदूस आणि मोठ्या माणसांत हाडे मऊ पडण्याचा विकार आढळू लागला, त्याच्या मुळाशी हेच गणित होते. ड जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही, मग गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचा संप्रेरक वाढतो आणि रक्तातील पातळी टिकवण्यासाठी कॅल्शियम हाडांतून काढून घेतले जाते. हे बराच काळ चालले तर मांड्या-कंबर ठणकणे, जिना चढताना जोर न लागणे अशा तक्रारी सुरू होतात आणि त्यांचे खापर थंडीवर फोडले जाते.

आता दोन वेष्टने शेजारी ठेवून वाचू. पुण्यातल्या पाकिटावर ‘60,000 आययू’ असे असते आणि लंडनमधल्या डबीवर ‘10 मायक्रोग्रॅम’. एक मायक्रोग्रॅम म्हणजे 40 आययू, म्हणजे ती गोळी 400 आययूची आणि ते पाकीट 1,500 मायक्रोग्रॅमचे. एका पाकिटात अशा दीडशे गोळ्या सामावतात. रक्ततपासणीच्या अहवालातही असाच घोटाळा होतो. भारतात उत्तर नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये येते, युरोपात बहुतेक ठिकाणी नॅनोमोल प्रति लीटरमध्ये, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या अडीचपट असतो. इकडे 18 असलेला माणूस तिकडे 45 पाहून सुधारणा झाली असे समजतो, प्रत्यक्षात तो होता तिथेच असतो. हाडांसाठी 50 नॅनोमोल, म्हणजे आपले 20 नॅनोग्रॅम, ही पातळी पुरेशी असल्याचे अमेरिकेतील वैद्यकीय तज्ज्ञ समितीने 2010 च्या अखेरीस म्हटले आणि अनेक देशांचा हिशेब आजही त्याच्या आसपासच फिरतो.

लहान मात्रा खरोखर पुरते का, या शंकेचे सर्वांत चांगले उत्तर अंटार्क्टिकाने दिले आहे. मॅकमर्डो तळावर हिवाळाभर राहिलेल्या व्यक्तींना रोज 400, 1,000 किंवा 2,000 आययू देऊन नासाच्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पाच महिन्यांनंतर तिन्ही गटांची सरासरी 50 नॅनोमोलच्या वरच होती, 2,000 च्या गटाची सत्तरच्या आसपास होती, आणि काहीच न घेणाऱ्या मोजक्या लोकांची मात्र तिशीत घसरली होती. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत ‘मैत्री’ आणि ‘भारती’ तळांवर हिवाळा काढणाऱ्या तुकड्यांपुढेही हाच प्रश्न असतो. ध्रुवाजवळच्या काळोखात जी मात्रा पुरली ती लंडनच्या ढगाळ हिवाळ्यात अपुरी पडेल असे मानायला फारसे कारण दिसत नाही.

पाकिटाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल: एकूण मात्रा सारखी ठेवली तर रोज घेतल्याने किंवा आठवड्याला घेतल्याने रक्तातील पातळीत फारसा फरक पडत नाही, आणि गोळी रोज विसरणाऱ्याला आठवड्याचा वार लक्षात ठेवणे सोपे जाते. अडचण मात्रेची आहे. दर आठवड्याला एक पाकीट म्हणजे दिवसाला सुमारे 8,570 आययू, आणि डॉक्टरी देखरेखीशिवाय प्रौढाने ओलांडू नये अशी मर्यादा 4,000 आहे. कमतरता असेल तर आठ आठवडे हा क्रम रास्त ठरतो, पण तो सबंध हिवाळा चालवायचा नसतो. महिन्याला एकच पाकीट घेतले तर सरासरी 2,000 वर येते, म्हणून तो मार्ग अनेकांना मधला वाटतो. तरीही वयस्कर माणसांच्या बाबतीत सावध राहावे. झुरिच येथे सत्तरीपुढच्या 200 जणांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत महिन्याला नेमके 60,000 आययू घेणाऱ्यांपैकी सुमारे 67 टक्के वर्षभरात एकदा तरी पडले, तर 24,000 घेणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांवर झालेल्या चाचणीत निम्म्या जणींना वर्षातून एकदाच पाच लाख आययू देण्यात आले, तेव्हा त्यांच्यात पडण्याचे आणि हाड मोडण्याचे, दोन्ही प्रमाण वाढले. मुलाकडे सहा महिने राहायला निघालेल्या आई-वडिलांच्या पिशवीत पाकिटे भरण्यापूर्वी हे आकडे जरूर वाचावेत. सहा लाखांचे इंजेक्शन तर स्वतःहून मागूच नये. आठवड्याचे पाकीट चुकून रोज घेतले गेल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, अतिशय तहान आणि मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

जास्त घेतले तर हाडे जास्त मजबूत होतील, ही समजूतही टिकत नाही. कॅनडातील कॅल्गरी येथे तीन वर्षे रोज 400, 4,000 किंवा 10,000 आययू घेणाऱ्यांच्या हाडांची घनता तपासली, तेव्हा मोठ्या मात्रांच्या गटांत मनगटाच्या हाडाची घनता उलट अधिक घटलेली आढळली. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांनी सुमारे पाच वर्षे रोज 2,000 आययू घेतले, तरी त्यांच्यात अस्थिभंग कमी झाले नाहीत. अर्थात ती माणसे कमतरता पाहून निवडलेली नव्हती. म्हणजे पूरक मात्रा खड्डा भरून काढते, भरलेल्या खड्ड्यावर टेकडी उभी करत नाही.

कॉड माशाच्या यकृताचे तेल हा नॉर्वेतील घरोघरीचा पर्याय आहे. एका चमच्यात साधारण 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व असते आणि माशातील ओमेगा-3 मेदाम्लेही मिळतात, त्यामुळे मासे खाणाऱ्यांना हा पर्याय गोळीइतकाच चांगला. फक्त त्यात अ जीवनसत्त्वही असते, म्हणून गरोदर स्त्रियांनी ते टाळावे आणि इतरांनी त्याच्या जोडीला अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेऊ नये, कारण अनेक वर्षे अतिरिक्त अ जीवनसत्त्व घेतल्यास हाडे कमकुवत होऊ शकतात. शाकाहारी वाचकांनी गोळीचेही घटक पाहावेत. ड जीवनसत्त्वाचे डी-2 आणि डी-3 असे दोन प्रकार मिळतात: डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते आणि मऊ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते. लायकेनपासून (दगडफुलासारख्या वनस्पतीपासून) बनवलेले डी-3 तिकडे मिळते. डी-2 वनस्पतिजन्य मार्गाने मिळते खरे, पण पातळी वाढवण्यात ते डी-3 पेक्षा कमी पडते.

दिव्याबाबत थोडक्यात सांगता येईल. उदासीवर वापरल्या जाणाऱ्या प्रकाशदिव्यांतून अतिनील-बी लहरी येत नाहीत, आणि त्वचा रापवणारी यंत्रे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 पासून कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात नोंदलेली आहेत. आहाराचे उत्तर देशानुसार बदलते. फिनलंडने 2003 पासून दुधात ड जीवनसत्त्व मिसळायला सुरुवात केली आणि 2010 मध्ये प्रमाण वाढवले, त्याचा परिणाम तेथील लोकांच्या रक्तात स्पष्ट दिसला. ब्रिटनमधील साध्या दुधात ते सहसा नसते, त्यामुळे लंडनमध्ये घरी लावलेल्या दह्यावर या बाबतीत भिस्त ठेवता येत नाही.

ब्रिटनच्या अधिकृत सल्ल्यानुसार चार वर्षांवरील सर्वांनी शरद ऋतू आणि हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी तेथे जन्मापासून रोज 8.5 ते 10 मायक्रोग्रॅम सांगितले आहे. मी असे सुचवीन की निघण्यापूर्वी अंगदुखी, अशक्तपणा किंवा आधीची कमतरता असेल तर तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितल्यास पाकिटांचा क्रम भारतातच पूर्ण करावा, आणि तिकडे पोहोचल्यावर रोज 10 ते 25 मायक्रोग्रॅमची गोळी तेल-तूप असलेल्या जेवणासोबत सुरू करावी. मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार, सारकॉइडोसिस (अनेक अवयवांत दाहाच्या गाठी करणारा विकार) असलेल्यांनी, तसेच फिट्सची किंवा थायझाइड गटातील रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी यातले काहीही स्वतः ठरवू नये. शिवाय गोळी कॅल्शियम आणत नाही, केवळ ते शोषून घ्यायला मदत करते. प्रौढाला दिवसाला लागणाऱ्या सुमारे 1,000 मिलीग्रॅमपैकी मोठा वाटा दूध, दही, नाचणी आणि पालेभाज्यांतूनच यायला हवा. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि सामानात जागा करायचीच असेल तर पाकिटांऐवजी त्या पिठाला करावी.