मोरचूद आणला, आता प्रयोग कोणता?

दिवाळीची सुट्टी संपली की कळव्यातल्या माझ्या शिकवणीत हमखास विचारणा होते: "मॅडम, विज्ञान प्रदर्शनासाठी मोरचुदाचं काहीतरी सांगा ना." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. शाळेच्या पातळीवर त्याचे तीन प्रयोग मुख्य: स्फटिक वाढवणं, लोखंडी खिळ्यावर तांबं चढवणं आणि तापवून निळ्याचा पांढरा करणं. पालक बहुतेकदा फोटो बघून स्फटिक ठरवूनच आलेले असतात. मी आधी विचारते, हातात दिवस किती आहेत?

कारण स्फटिकाला दोन-तीन आठवडे हवेतच. एरवीच्या तापमानाला 100 मिली पाण्यात साधारण तीस-पस्तीस ग्रॅम मोरचूद विरघळतो, गरम पाण्यात त्याच्या कितीतरी जास्त. म्हणून गरम पाण्यात भरपूर विरघळवायचा, गाळायचा, निवू द्यायचा. तळाशी जमलेल्यांतला नीट कडांचा एक खडा निवडून तंगुसाला बांधायचा आणि थंड द्रावणात अधांतरी सोडायचा. शिवणाचा दोरा नको, त्याच्या पिळांवरच बारीक खडे धरतात आणि मधला वाढत नाही. तोंडावर झाकण न लावता कागद बांधायचा.

खरी अडचण आपल्या हवेची. पावसाळ्यात पाणी उडता उडत नाही, आणि ऑक्टोबरात दुपारी खोली तापते. एका वर्षी मी बरणी खिडकीत ठेवू दिली. सकाळी धारदार कडांचा असलेला खडा संध्याकाळी गोटीसारखा गुळगुळीत झाला होता. द्रावण तापलं की त्यात आणखी मोरचूद मावतो, आणि तो खड्यातूनच घेतला जातो. दहा दिवसांची मेहनत गेली, आणि त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून बरणी कपाटाच्या खालच्या खणात. स्फटिक देखणा होतो यात वाद नाही, पण मुलाच्या वाट्याला येतं ते मुख्यतः वाट बघणं.

तापवण्याचा प्रयोग घरी करू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत, बाईंच्या किंवा सरांच्या देखरेखीखालीच. परीक्षानळी तोंडाकडे किंचित खाली झुकलेली धरायची, नाहीतर सुटलेलं पाणी तापलेल्या तळाकडे ओघळतं आणि नळी तडकते. पण वजनकाटा चांगला असेल तर नववी-दहावीसाठी हा फार मोलाचा प्रयोग आहे: 5 ग्रॅम निळ्या खड्यांची उरते सुमारे 3.2 ग्रॅम पांढरी पूड, गेलं ते सगळं पाणी. त्यावर दोन थेंब पाणी टाकलं की निळाई परत येते आणि नळी हाताला गरम लागते.

सातवी-आठवीच्या मुलाला मात्र मी खिळाच देते. ग्लासभर पाण्यात चमचाभर मोरचूद, त्यात खिळा, आणि वीस मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते द्रावणात उतरतं आणि तांबं बाहेर पडतं. खिळे पुरेसे असतील तर दुसऱ्या दिवशी निळा रंग उतरून फिकट हिरवट होतो. खिळा साधा लोखंडी घ्या, पॉलिश पेपरने घासा, साबणाने तेलकटपणा काढा. स्टेनलेस स्टीलवर थर बसत नाही, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या खिळ्यावर आधी जस्ताचीच क्रिया होते. पण हे मुलाला आधी सांगू नका. तिन्ही खिळे शेजारी शेजारी ठेवू द्या, फरक का पडला ते त्यालाच शोधू द्या. प्रदर्शनात परीक्षक विचारतात तेव्हा असं मूल अडखळत नाही.

शिवाय या प्रयोगाला कोकणातला आधार आहे. सुपारीच्या बागांत बुरशीविरुद्ध फवारतात ते बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचंच: एक टक्क्याला प्रत्येकी एक किलो आणि शंभर लिटर पाणी. मिश्रण जमलं का, हे बघायला त्यात विळा किंवा लोखंडी सळई बुडवतात. तांबूस डाग आला तर चुना कमी पडला. ज्याचे आजोबा अलिबागकडे बाग राखतात, त्या मुलाला हे सांगून बघा.

विद्युत विलेपन, म्हणजे सेल लावून तांबं चढवणं, हौस असेल तरच. नऊ व्होल्टची बॅटरी लावली की काळपट, भुसभुशीत थर येतो. एकच पेन्सिल सेल पुरतो.

कोणताही निवडा, मोरचूद विषारी आहे. चष्मा, हातमोजे, स्वयंपाकघरातलं एकही भांडं नाही, आणि घरात लहान भावंड असेल तर बरणी कुलपात. त्या निळ्या खड्यांचा मोह कुणालाही होईल. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. तांबं पाण्यातल्या जीवांना घातक असतं, आणि ऐरोलीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला आपण ज्या ठाणे खाडीवर जातो, तिला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळालाय. स्फटिकाचं उरलेलं द्रावणही पाणी घालून खिळ्यांच्या बरणीत जाऊ द्या. नवा खिळा टाकून तो तांबूस होईनासा झाला, की द्रावणातलं तांबं जवळजवळ सगळं खाली बसलंय असं समजा. मग ते जुन्या सुती कापडातून गाळा, आणि तो तांबडा गाळ मुलाला वाळवून बघू द्या.