एडिसनचं डायमंड डिस्क मशीन: आठ महिने घरात ठेवून ऐकल्यावर

आम्ही न्यू जर्सीत राहतो त्यामुळे एडिसनचं नाव सारखं कानावर असतंच, वेस्ट ऑरेंजची त्याची लॅब आता म्युझियम आहे आणि तिथे मी तीनदा जाऊन आलेय, पण त्याचं हे रेकॉर्ड वाजवायचं मशीन स्वतःच्या हॉलमध्ये असेल असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी इथल्या एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं तिथे हे दिसलं, सी-२५० मॉडेल, चिपेंडेल डिझाइनचं उभं कपाट, खाली रेकॉर्ड ठेवायचे कप्पे. २२५ डॉलरला घेतलं. १९१५ साली नवीन मिळायचं तेव्हा याची किंमत २५० डॉलर होती, आणि त्या वेळी फोर्डची मॉडेल टी गाडी चारशे-पाचशे डॉलरला येत होती, म्हणजे बघा लोक किती पैसे मोजत होते नुसतं गाणं ऐकायला.

आधी तक्रार सांगून टाकते. विकणाऱ्याने "चालू कंडिशन" सांगितलं होतं आणि तिथे चावी फिरवून प्लेट फिरताना दाखवली, रेकॉर्ड लावून काही दाखवली नाही. घरी आणून लावली तर प्रत्येक वरच्या सुराला घर्र घर्र. रिप्रोड्यूसरच्या, म्हणजे रेकॉर्डवरून आवाज उचलणाऱ्या डबीच्या, आतलं रबर दगडासारखं कडक झालेलं. हे जवळजवळ प्रत्येक न उघडलेल्या मशीनमध्ये असतं म्हणे, दुरुस्त करणाऱ्याने ९० डॉलर घेतले आणि छान करून दिलं. तेव्हा कोणी घेणार असाल तर समोर पूर्ण रेकॉर्ड वाजवून घ्या, प्लेट फिरते म्हणजे मशीन चालतं असं नाही.

आता मशीनबद्दल. ज्यांनी फक्त व्हिक्टर कंपनीचा ग्रामोफोन बघितलाय त्यांना हे वेगळंच वाटेल. यात स्टीलची पिन बदलायची भानगड नाही, कायमचा हिरा बसवलेला आहे. रेकॉर्डची रेघ आडवी हलत नाही, वर-खाली खोल होते, आणि हिरा त्या चढउतारावरून जातो. शिवाय रेकॉर्डच्या रेघेला रिप्रोड्यूसर ओढत न्यायचं काम नाही, आत एक स्क्रू आहे तो अख्खा हॉर्न आणि रिप्रोड्यूसर मिळून हळूहळू आत सरकवतो. डायफ्रॅम, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, राइस पेपरचे थर चिकटवून केलेला, त्यावर कॉर्क. आवाज कमी करायला एक बोंडासारखा गोळा हॉर्नच्या गळ्यात सरकतो. रेकॉर्ड पाव इंच जाड, हातात घेतली तर फरशीचा तुकडा घेतल्यासारखी, ८० च्या स्पीडने फिरते आणि एका बाजूला चार मिनिटांच्या वर चालते. आणि एक महत्त्वाचं, या रेकॉर्ड चुकूनही व्हिक्टरच्या मशीनवर लावू नका, स्टीलची पिन रेघ खरवडून टाकते, कायमची.

आवाज कसा आहे? मला विचाराल तर त्या काळातलं दुसरं काही याच्या जवळ येत नाही. व्हायोलिन लावलं की गज तारेवर टेकतो तो क्षण ऐकू येतो, चरचर असते पण गाणं तिच्या पुढे येऊन बसतं, मागे राहत नाही. मात्र सगळ्या रेकॉर्ड सारख्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या घेऊ नका, रेकॉर्डसाठी लागणारं फिनॉल नावाचं रसायन मिळेनासं झालं आणि वरचा थर बिघडला, माझ्याकडे तशा चार आहेत आणि त्यांच्यावर पावसाचा आवाज जास्त आणि बाई कमी ऐकू येते. १९२१ नंतरच्या कागदी लेबलवाल्या बऱ्या. आधीच्या लेबलांवर काळ्यावर काळं ठसवलेलं असतं, दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय एक अक्षर वाचता येत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. हे मशीन बऱ्याच लोकांनी नुसती जाहिरात वाचून घेतलं नाही, गाणारी बाई गावात आली म्हणून घेतलं. १९१५ पासून एडिसन कंपनीने टोन टेस्ट सुरू केल्या. गावातला एडिसनचा डीलर हॉल ठरवायचा, आमंत्रणाचे पास वाटायचा, तिकीट नाही. स्टेजवर हे मशीन, माझ्या हॉलमध्ये आहे तसलंच, आणि शेजारी तीच गायिका जिचा आवाज रेकॉर्डमध्ये आहे. रेकॉर्ड सुरू होते, ती बरोबर गाते, मधेच ओठ मिटते, गाणं चालूच. पुन्हा गाते, पुन्हा थांबते. लोक ओठ बघत बसायचे कारण कानाने कळत नव्हतं. शेवटी दिवे घालवायचे, अंधारात गाणं चालू, दिवे लावले की गायिका स्टेजवर नाही, मशीन एकटंच गातंय. नाटक कंपनीचा मुक्काम पडावा तसं हे एका गावातून दुसऱ्या गावात असं १९२५ पर्यंत चाललं, हजारो प्रयोग झाले. ॲना केस, मेरी रॅपोल्ड, क्रिस्टीन मिलर, एलिझाबेथ स्पेन्सर, थॉमस चाल्मर्स अशी मंडळी फिरत होती. १९१६ च्या एप्रिलमध्ये तर थेट न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी रॅपोल्डने मशीनच्या शेजारी उभं राहून गायलं, मेट्रोपॉलिटन ऑपेराची गायिका आणि समोर हॉलभर माणसं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं की लोक भोळे होते. आता तसं वाटत नाही, आणि का ते सांगते.

मी पंधरा वर्षं गाणं शिकलेय. मशीन दुरुस्त होऊन आलं त्या आठवड्यात एका रात्री हॉलचा दिवा घालवून एका सोप्रानोची, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या बाईची, रेकॉर्ड लावली आणि तिच्या शेजारी उभी राहून नुसत्या आकारात तिच्याबरोबर गायला लागले. लेकीला स्वयंपाकघरात बसवलं होतं आणि सांगितलं होतं की मी कधी थांबले ते ओरडून सांग. पहिल्या वेळेला तिने लगेच सांगितलं, कारण मी नेहमीसारखा मोकळा आवाज लावला होता, छातीतून, तो खोलीत पसरत होता आणि रेकॉर्डचा एका ठिकाणाहून येत होता. मग मी आवाज आवरला. जबडा कमी उघडला, खालची घुमक काढून टाकली, टोक बोथट केलं, थोडं नाकाजवळ आणलं. तिसऱ्या वेळेला वरच्या पट्टीत मी गप्प झाले आणि आतून आवाज आला, "आई, तू गातेयस ना अजून?" मी गात नव्हते. अंगावर काटा आला माझ्या. खालच्या सुरांत मात्र तिने प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं.

म्हणजे मशीन जितकं माणसाच्या जवळ आलं होतं तितकंच माणूस मशीनच्या जवळ जात होतं. ॲना केसने म्हातारपणी एका मुलाखतीत हेच सांगितलं होतं, की तिने आपला आवाज मशीनच्या आवाजासारखा करून घेतला होता म्हणून लोकांना फरक कळत नव्हता. याला फसवणूक म्हणायचं का यावर मी खूप विचार केला. मला तरी ती पूर्ण फसवणूक वाटत नाही, कारण ते करणं प्रचंड अवघड आहे, हॉलभर लोकांसमोर स्वतःचा आवाज मोजून तेवढाच कापायचा आणि सूर ढळू द्यायचा नाही, ही कारागिरी आहे आणि तिचं श्रेय त्या बायकांना मिळायला हवं होतं. कंपनीने सगळं श्रेय मशीनला दिलं, रेकॉर्डला रेकॉर्ड म्हणायचं नाही, "री-क्रिएशन" म्हणायचं, हे मला आजही टोचतं. पण डीलरकडे जाऊन मशीन घरी आणणाऱ्याला ती बाई काही मशीनबरोबर मिळत नव्हती. घरी फक्त अर्धं मिळत होतं, हे खरं.

आणि निवड बघा, फिरणाऱ्यांत बायकांचे उंच आवाज किती. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता, मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं, त्यात खालचे सूर आणि 'स'-'श' सारखी अक्षरं नीट उमटतच नव्हती. उंच आवाज सुटून यायचा. लेकीचं उत्तर खाली बरोबर आणि वर चुकीचं का आलं ते मला त्यावरून समजलं.

आता दुसरी बाजू, आणि इथे माझ्या मते एडिसनचं चुकलं. त्याचा भर "टोन"वर होता, गाणाऱ्यावर नाही. तो जवळजवळ बहिरा, लाकडाला दात लावून ऐकायचा, आणि तरी कोण रेकॉर्ड करणार हे स्वतः ठरवायचा. अगदी सुरुवातीच्या डिस्कवर तर गाणाऱ्याचं नावच नव्हतं. मग दौऱ्यावर तू एका बाईला गावोगाव पाठवतोस, लोक तिच्या प्रेमात पडतात, आणि घरी जाऊन जी रेकॉर्ड घेतात तिच्यावर नाव लिहायची कंपनीची मूळची इच्छाच नाही, हे कसं जमणार?

व्हिक्टरवाल्यांनी नेमकं उलटं केलं. त्यांच्याकडे ऑपेराचा नामांकित गायक कारुसो होता, १९०४ पासून, आणि नाव म्हणजेच माल हे त्यांना कळलं होतं. साध्या लोकप्रिय गाण्यांसाठीही १९२० च्या सुमारास त्यांचे आठ कलाकार एकत्र फिरायला लागले, "एट फेमस व्हिक्टर आर्टिस्ट्स" याच नावाने. हेन्री बर, बिली मरे, अल्बर्ट कॅम्पबेल, जॉन मेयर, फ्रँक क्रॉक्सटन, विनोदी भाषणं करणारा मन्रो सिल्व्हर, पियानोवर फ्रँक बँटा, बॅन्जोवर फ्रेड व्हॅन एप्स आणि नंतर त्याच्या जागी सॅक्सोफोनवर रुडी विडोफ्ट. यांना मशीनशी स्पर्धा करायची नव्हती. घरात ज्याचा आवाज रोज ऐकतो तो माणूस चेहऱ्यासकट समोर, ते गाणं गातोय, हसवतोय. मशीन आधीच घरात आहे, आता रेकॉर्ड घ्या, पुढच्या महिन्यात अजून घ्या. मशीन माणूस एकदा घेतो, रेकॉर्ड वर्षभर. एडिसनचा दौरा एकदाच विकायची वस्तू विकत होता.

आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो तिसरा दौरा, ब्लॅक स्वान या रेकॉर्ड कंपनीचा. हॅरी पेसने १९२१ मध्ये काढलेली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी, मोठ्या जाहिराती करायला मोठ्या कंपन्यांएवढा पैसा नाही. त्यांनी एथेल वॉटर्स या गायिकेला फ्लेचर हेंडरसनच्या बँडबरोबर ब्लॅक स्वान ट्रुबॅडोर्स या नावाने १९२१ च्या शेवटी दौऱ्यावर पाठवलं, ते १९२२ च्या उन्हाळ्यापर्यंत फिरले, दक्षिणेतसुद्धा, जिथे त्यांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसावं लागत होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये रेडिओवरही गायले. टोन टेस्टमधल्या गायिकेला आवाज मशीनएवढा कापावा लागायचा, एथेल वॉटर्सला काहीच कापायचं नव्हतं. कंपनी १९२४ पर्यंतच टिकली पण तो दौरा खरा होता.

एडिसनच्या कंपनीने १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये घरगुती रेकॉर्डचा धंदा बंद केला. आवाज चांगला असून बंद झाला. या मशीनसमोर बसलं की त्याचं फार वाईट वाटतं.

घ्यावं का? गाणं ऐकायची खरी आवड असेल आणि घरात जागा असेल तर जरूर घ्या, वजन खूप आहे, दोन धडधाकट माणसं लागतात जिन्यावरून न्यायला. रेकॉर्ड स्वस्त मिळतात, मी बहुतेक तीन ते पाच डॉलरला घेतल्या, कारण दुसऱ्या मशीनवर चालत नाहीत म्हणून मागणी कमी. डान्स बँडपेक्षा सोप्रानो आणि व्हायोलिन शोधा. पहिल्यांदा हॉर्नमधला गोळा पूर्ण बाहेर काढून ऐका, मग खोलीच्या मानाने आत ढकला, लहान खोलीत पूर्ण आवाज सहन होत नाही. हिरा तुटलेला नाही ना ते भिंगातून बघून घ्या, तुटक्या हिऱ्याने एका फेरीत रेकॉर्ड जाते.

माझी लेक आता दर रविवारी स्वतःच चावी भरते. परवा तिने दिवा घालवला, रेकॉर्ड लावली आणि मशीनच्या शेजारी उभी राहिली, आणि या वेळी स्वयंपाकघरात मी बसले होते.