नऊ फुटी पियानो, छोटा क्लब: नील यंगची ‘लाइव्ह ॲट द सेलर डोअर’ पावसाळाभर ऐकल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. कॅनडाचा गायक-गीतकार नील यंगची ‘लाइव्ह ॲट द सेलर डोअर’ ही रेकॉर्ड घेण्यासारखी आहे, आणि घ्यायची ती पियानोसाठी. एकटा माणूस, एक गिटार, छोटासा क्लब, एवढं वर्णन वाचून मी ती उन्हाळ्याच्या शेवटी घेतली. अख्खा पावसाळा ती घरात वाजली, दिवाळीची साफसफाई झाली तरी अजून कपाटात गेलेली नाही. आता तेरा गाण्यांपैकी ज्या सहांकडे हात पुन्हा पुन्हा जातो, ती सहाही पियानोवरची आहेत. गिटारवरची सात चांगलीच आहेत, पण तशा गिटारचा नील यंग इतरही रेकॉर्डवर मिळतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात, 34वा रस्ता आणि एम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ‘सेलर डोअर’ नावाचा क्लब होता. जेमतेम दीडशे-पावणेदोनशे माणसं मावतील एवढाच. 30 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर 1970 या तीन रात्री नील यंग तिथे एकट्याने गायला, रोज दोन खेळ. पंचविशी नुकतीच पूर्ण झाली होती, ‘आफ्टर द गोल्ड रश’ हा अल्बम त्याच सप्टेंबरात बाजारात आला होता, आणि 4 डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम ठरलेला होता. म्हणजे जॉर्जटाउनच्या त्या तीन रात्री ही मोठ्या मंचाआधीची रंगीत तालीम. टेप तेव्हाच झाली, पण अल्बम निघायला डिसेंबर 2013 उजाडलं.

या क्लबचा तो डिसेंबरच अचाट होता. नील यंग गेल्यावर दोन आठवड्यांनी तिथे जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस आपला इलेक्ट्रिक वाद्यांचा बँड घेऊन चार रात्री वाजला. ते सगळं ध्वनिमुद्रण 2005 मध्ये सहा सीडींच्या संचात आलं. आणि महिनाअखेरीस जॉन डेन्व्हरने ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ पहिल्यांदा लोकांसमोर गायलं तेही याच खोलीत. गाणं मूळ बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीचं; त्या आठवड्यात तिघांनी बसून ते पुरं केलं होतं. आपल्याकडे कॉलेजच्या सहलीत गिटार निघाली की हमखास वाजणारं ते गाणं इथलं आहे, हे मला या रेकॉर्डच्या निमित्ताने शोधाशोध करताना कळलं. क्लब 1982 मध्ये बंद पडला.

चाहत्यांची या रेकॉर्डवरची मुख्य तक्रार रास्त आहे, ती आधी मांडतो. ही एका रात्रीची मैफल नाही. सहा खेळांमधून तेरा गाणी निवडून त्यांचा पाऊण तासाचा अल्बम केलेला आहे. गाण्यांमधलं बोलणं जवळजवळ सगळं कापलंय. नील यंग त्या काळात दोन गाण्यांच्या मध्ये भरपूर बडबडायचा, तिरकस विनोद करायचा, हे त्याच्या इतर ध्वनिमुद्रणांवरून माहीत आहे. त्यामुळे इथे गाणं संपतं, टाळ्या पडतात, पुढचं सुरू होतं, आणि चार-पाच गाण्यांनंतर वाटायला लागतं की मैफलीचा अल्बम ऐकतोय, मैफल नव्हे. सुरुवातीचे काही आठवडे मला हे फार खुपलं. पुढे सवय झाली, पण तक्रार मागे घेतलेली नाही. एक अख्खा खेळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खोकल्यासकट दिला असता तर काय बिघडलं असतं?

आता पियानो. ‘आफ्टर द गोल्ड रश’, ‘एक्स्पेक्टिंग टु फ्लाय’, ‘बर्ड्स’, ‘सी द स्काय अबाउट टु रेन’, ‘सिनॅमन गर्ल’ आणि शेवटचं ‘फ्लाइंग ऑन द ग्राउंड इज राँग’. या सहांमध्ये तो जे वाजवतो त्याला पियानोवादन म्हणायला संगीत विद्यालयातला माणूस कचरेल. डावा हात खाली एक-दोन सुरांवर टेकलेला, उजवा हात पूर्ण कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, दाबतोय, मधूनच चार सुरांची एखादी सरकती ओळ. बस्स. आमचे बाबा आयुष्यभर भजनाला पेटी वाजवत आले. इंग्रजी गाणं त्यांच्या वाटेला जात नाही, पण घरात वाजतंय म्हटल्यावर कानावर पडतंच. एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, “अरे, हा शिकतोय का अजून? डावा हात जागचा हलत नाही याचा.” मी म्हटलं, “बाबा, तो तिथे स्वतःच सांगतो की नीट वाजवायला लागून वर्षभरच झालंय.” यावर ते थोडं थांबून म्हणाले, “मग बरोबर आहे. गाण्याच्या आड येत नाहीये.” तेव्हापासून मी ही सहा गाणी त्यांच्या कानाने ऐकायला लागलो. साथीला बसणाऱ्याचा कान तो.

आणि खरोखर, तो आड येत नाही. ‘एक्स्पेक्टिंग टु फ्लाय’ मूळ यंगच्या आधीच्या बँडच्या, बफेलो स्प्रिंगफील्डच्या, 1967 च्या अल्बमवर आहे. तिथे संगीत-संयोजक जॅक निट्शेने तारवाद्यांचा एवढा मोठा पडदा उभा केलाय की गाणं त्या धुक्यातून येतं. सेलर डोअरमध्ये तो पडदाच नाही. राहतो फक्त उंच, किंचित थरथरता आवाज आणि त्याखाली धरलेले कॉर्ड. मूळ गाणं मला आवडायचं. आता मूळ लावलं की सजावट जास्त झाल्यासारखी वाटते. ‘आफ्टर द गोल्ड रश’चंही तसंच. स्टुडिओत मध्ये फ्लुगेलहॉर्न हे ट्रम्पेटसारखं वाद्य येतं, इथे ती जागा नुसती रिकामी सोडलीय.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते मला भारी वाटतं. मे 1969 मध्ये नील यंग क्रेझी हॉर्स बँडबरोबर याच क्लबात आला होता. जवळच्याच मेरीलँडमधला निल्स लॉफग्रेन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा सरळ पडद्यामागे जाऊन त्याला भेटला, आपली गाणी ऐकवली. पुढच्या वर्षी ‘आफ्टर द गोल्ड रश’च्या ध्वनिमुद्रणाला यंगने त्याला बोलावलं, आणि गिटारवाल्या या मुलाला पियानोवर बसवलं. लॉफग्रेन म्हणत होता, मी पियानोवाला नाही. लहानपणी ॲकॉर्डियन शिकला होता, तेवढ्या शिदोरीवर त्याने ते निभावलं. म्हणजे सफाईदार बोटं नकोत, हा यंगचा हट्टच होता. त्याच क्लबात दीड वर्षाने तो स्वतः पियानोपुढे बसला, तेव्हा तोच हट्ट त्याने स्वतःवर चालवला असं मला वाटतं.

‘सिनॅमन गर्ल’ला तर मी पहिल्यांदा हसलो होतो. ज्यांनी मूळ ऐकलंय त्यांना कळेल. 1969 चं ते गाणं म्हणजे खरखरीत इलेक्ट्रिक गिटारची ठोकळेबाज रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट), सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची अशा दोन्ही तारा डी सुरात उतरवलेल्या. ती रिफ पियानोवर कशी वाजणार? वाजते, अडखळत, थोडी बालिश. शेवटी तो सांगतो की हे पियानोवर आज पहिल्यांदाच केलं. आणि इथेच छोट्या क्लबाचा मुद्दा येतो. कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदाच जाणारा माणूस असला प्रयोग तिथे करायला धजेल असं वाटत नाही. पावणेदोनशे लोकांपुढे फसलं तर फसलं. ‘डाउन बाय द रिव्हर’ही असंच, नऊ मिनिटांच्या इलेक्ट्रिक गाण्याची चार-एक मिनिटांची साधी गिटारची आवृत्ती. ती मला तितकीशी पटली नाही. त्या गाण्याला लांबण लागतं.

‘सी द स्काय अबाउट टु रेन’बद्दल पक्षपाती आहे मी. जुलैत ऐकलं म्हणून असेल. 1974 च्या ‘ऑन द बीच’वर ते आलं तेव्हा त्यात इलेक्ट्रिक पियानो होता आणि ड्रमवर ‘द बँड’ या गटाचा लेव्हॉन हेल्म. त्याआधी 1973 मध्ये ‘द बर्ड्स’ (Byrds, वरच्या ‘बर्ड्स’ गाण्याशी संबंध नाही) या गटानेही ते गायलं. इथलं त्या दोन्हींहून जुनं आणि सगळ्यात उघडं.

गिटारच्या गाण्यांपैकी ‘ओल्ड मॅन’ जरूर ऐका. 1970 मध्येच यंगने उत्तर कॅलिफोर्नियात शेतघर विकत घेतलं होतं, तिथल्या लुई अव्हिला या म्हाताऱ्या राखणदारावरून हे गाणं सुचलं. ते ज्या अल्बमवर आलं तो ‘हार्व्हेस्ट’ निघायला अजून वर्षाहून जास्त वेळ होता, त्यामुळे श्रोत्यांना ते ओळखीचं असण्याचं कारणच नव्हतं. आज पहिल्या कॉर्डला हुर्रे होणारं गाणं इथे कुणा परक्याचं असल्यासारखं ऐकून घेतलं जातं. ‘बॅड फॉग ऑफ लोनलीनेस’ तर बाजारात यायला थेट 2007 उजाडलं, टोरोंटोच्या मॅसी हॉलमधल्या मैफलीच्या अल्बमवर.

बोलणं कापलंय म्हणालो, त्याला मोठा अपवाद शेवटच्या गाण्याचा. तिथे यंग पियानोजवळ बसून रमतो. करारात घालून घेतलंय म्हणे, नऊ फुटी स्टाइनवे ग्रँड पियानोच पाहिजे, थोडा विक्षिप्तपणा म्हणून. मग आत हात घालून तारा छेडतो, लोक हसतात, तो आणखी छेडतो. दीडशे-पावणेदोनशे माणसांच्या खोलीत नऊ फुटांचा पियानो, हे चित्रच मजेशीर आहे. असा तुकडा एकच ठेवलाय म्हणून चिडावं की निदान हा ठेवला म्हणून आभार मानावेत, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आता वस्तू म्हणून. मी एलपी घेतली. ध्वनिमुद्रण 1970 चं असून आश्चर्यकारक स्वच्छ आहे. पियानोचे खालचे सूर भरीव, आवाज समोर, टाळ्या थोड्याच हातांच्या आणि जवळच्या. पण एक लक्षात ठेवा: असली शांत रेकॉर्ड तुमच्या यंत्राची परीक्षा घेते. ‘बर्ड्स’मधला एक लांब धरलेला कॉर्ड मला हेलकावताना जाणवायला लागला. रॉकच्या रेकॉर्डवर ते कधी कळलं नव्हतं. टर्नटेबलचा रबरी पट्टा सैल पडला होता. नवा टाकल्यावर सूर जागेवर आले. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी धरते ती वेगळीच कटकट. आतली कागदी पिशवी फेकून प्लॅस्टिकची घातली, फळीवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, आणि रेकॉर्ड उभ्याच ठेवल्या. सुई जरा धुळीची असली तरी हळू आवाजाच्या जागांमध्ये चटचट ऐकू येते, त्यामुळे प्रत्येक वेळी ब्रश फिरवणं आलं.

हेडफोनवर ऐकायचं असेल तर यंगचं स्वतःचं ‘नील यंग आर्काइव्ह्ज’ हे वर्गणीचं संकेतस्थळ आहे, तिथे चांगल्या दर्जात मिळतं. स्पॉटिफायवरून त्याने 2022 च्या जानेवारीत गाणी काढून घेतली होती, 2024 मध्ये ती परत आली. विकत घेण्याआधी तिथे ‘एक्स्पेक्टिंग टु फ्लाय’ आणि ‘सिनॅमन गर्ल’ एवढी दोन लावून बघा. ही दोन आवडली नाहीत तर पैसे घालवू नका.

नेहमीचा प्रश्न: मॅसी हॉल आधीच असेल तर हे कशाला? टोरोंटोच्या मॅसी हॉलची मैफल 19 जानेवारी 1971 ची, अवघ्या सात आठवड्यांनंतरची, आणि बरीच गाणी तीच. खरं सांगायचं तर पहिली रेकॉर्ड घेणाऱ्याने मॅसी हॉलच घ्यावी. ती लांब आहे, बोलणं आहे, आणि घरच्या गावात परतलेला गायक अडीच हजारांहून जास्त लोकांना कसा धरून ठेवतो ते तिथे कळतं. कार्नेगी हॉलचं ध्वनिमुद्रण 2021 मध्ये आलं; दोन दिवसांच्या अंतराने तोच माणूस मोठ्या मंचावर किती सावध होतो, हे तपासायला ते सेलर डोअरच्या शेजारी लावून ऐकावं. मी ‘सी द स्काय अबाउट टु रेन’ तिन्ही ठिकाणी शोधत बसणाऱ्यांपैकी आहे, तुम्ही नसाल तर एकच पुरे.

एलपी, सीडी की डिजिटल, असं विचाराल तर या बाबतीत मी सीडी म्हणेन. पाऊण तासाचाच अल्बम आहे, मध्ये उठून बाजू बदलावी लागत नाही, बुरशीची भीती नाही, आणि बाहेरून मागवलेल्या एलपीपेक्षा बरीच स्वस्त पडते. माझी एलपी मी विकणार नाहीये, बाबा आता स्वतःहून लावायला सांगतात. फक्त पियानोची गाणी, मधली गिटारची त्यांना चालत नाहीत, त्यामुळे सुई उचलून पुढे ठेवायचं काम माझ्याकडे.