लवकर गणितं संपवून बसणाऱ्या पोरांसाठी एनरिच: वर्गात वापरून बघितलं, त्याबद्दल

प्रत्येक वर्गात दोन-तीन पोरं अशी असतातच, आपण फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत त्यांचं उत्तर तयार. मग आपण काय करतो, तर तसलीच अजून दहा गणितं देतो. लवकर संपवलं की जास्त काम मिळतं हे त्या पोराला पटकन कळतं, आणि मग ते मुद्दाम रमतगमत लिहितं नाहीतर शेजारच्याला छळतं, आणि आपला शेरा ठरलेला, हुशार आहे पण लक्ष नाही. दुसरा उपाय म्हणजे पुढच्या इयत्तेचं पुस्तक हातात देणं. त्याने थोडे दिवस बरं जातं, पण पुढच्या वर्षी तेच सगळं परत आलं की पोर आणखी कंटाळतं.

अशा मुलांसाठी जे जे वापरलं त्यात मला एनरिच (NRICH) ही वेबसाइट सगळ्यात जास्त उपयोगी पडली. केंब्रिज विद्यापीठाच्या मिलेनियम मॅथेमॅटिक्स प्रोजेक्टची आहे, १९९६ पासून चालू आहे, ३ ते १८ वयासाठीची कोडी, खेळ, सगळं फुकट. त्यांचं म्हणणं असं की कोड्यात शिरणं सगळ्यांना जमलं पाहिजे पण वर जायला मर्यादा नको, आणि कोडी खरंच तशी आहेत.

मॅजिक व्ही नावाचं कोडं घ्या. १ ते ५ आकडे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडायचे, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, खालचा आकडा दोन्हीकडे धरायचा. बेरीज येणारं कुठलंही पोर एखादी मांडणी शोधतंच. मग विचारायचं की सगळ्या मांडण्या सापडल्या का, आणि सापडल्या हे कशावरून? इथे चुटकीसरशी उत्तर देणारं पोर पहिल्यांदा थांबतं. हळूहळू लक्षात येतं की खाली १, ३ किंवा ५ च येतो, कारण सगळ्यांची बेरीज १५, खालचा आकडा काढल्यावर उरलेल्याचे दोन सारखे भाग पडायला हवेत म्हणजे ते सम हवं. पोरं खूश, खाली नेहमी विषमच येणार! मग २ ते ६ आकडे द्या. आता बेरीज २० आणि खाली फक्त सम आकडे चालतात. बनवलेला नियम मोडतो आणि नवा शोधावा लागतो, याला मी खरं गणित म्हणेन, पाढे घडाघडा म्हणण्याला नाही.

दुसरं आवडतं म्हणजे विभाजक आणि पटींचा खेळ. १ ते १०० ची चौकट, पहिल्याने ५० पेक्षा लहान सम संख्या खोडायची, पुढच्याने तिचा विभाजक किंवा तिच्या पटीतली संख्या, असं आळीपाळीने, ज्याला खोडता येणार नाही तो हरला. १ खोडला की समोरचा ५३ सारखी मोठी मूळ संख्या घेतो आणि आपण अडकतो, कारण तिचा विभाजक १ तर आधीच गेला आणि पट १०० च्या बाहेर. मूळ संख्येची व्याख्या पाठ करून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एकदा हरल्यावर पक्कं बसतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, या मुलांना अडकायची सवयच नसते. पहिलीपासून सगळं सहज येत गेलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा काही आलं नाही की रडतात, वही मिटतात, "मला गणित येत नाही" म्हणतात. अडकणं ही नेहमीची गोष्ट आहे हे प्राथमिक शाळेतच अनुभवायला मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी आपल्याकडे त्यांना अडकवणारं काहीतरी हवं ना.

कमी काय आहे तर भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे लहान मुलांना कोडं आपणच समजावून सांगावं लागतं, ते बरंच म्हणा, बोलणं होतं. कोड्यांचा ढीग एवढा आहे की पोराला नुसतं साइटवर सोडून दिलं तर ते खेळ क्लिक करत बसतं, म्हणून निवड आपणच करायची, एका वेळी एकच कोडं. बऱ्याच कोड्यांसोबत शिक्षकांसाठी टिपा आहेत, त्यात कुठला प्रश्न कधी विचारायचा ते चांगलं दिलंय. इतर मुलांनी पाठवलेली उत्तरंही असतात, ती मात्र आधी दाखवू नका, आपलं झाल्यावर दाखवा, दुसऱ्याने वेगळ्याच रस्त्याने केलेलं बघायला मजा येते. आणि ज्या पोराची झेप लिहिण्यात किंवा चित्रात आहे त्याच्यासाठी वेगळं काही शोधावं लागेल, हा मुख्यतः गणिताचाच मामला आहे.

ही कोडी फक्त हुशार म्हणून ठरलेल्या मुलांना कोपऱ्यात बसवून देऊ नका, पूर्ण वर्गाला द्या. गणितं सावकाश करणारं, खाडाखोड करणारं एखादं पोर "का" चं उत्तर सगळ्यांच्या आधी घेऊन येतं आणि ते आपल्या यादीत नसतंच. यादी करायचीच असेल तर अशी चार-सहा कोडी झाल्यावर करा.