स्टेनलेसमधील बर आणि कोबाल्ट ड्रिल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या वर्कशॉपमध्ये मासेमारी नौकांसाठी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट तयार होतात. भोकाच्या कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कड, येथे फार नडते. तिच्यात जाळे अडकते, हात कापतो आणि तिच्याखाली खारे पाणी साचून त्या फटीत गंज धरतो. म्हणून पावसाळ्याआधी साधी एचएसएस (हाय-स्पीड स्टीलची) ड्रिल बाजूला ठेवून ५ टक्के कोबाल्टची, एम३५ प्रतीची, १३५ अंशांच्या स्प्लिट टोकाची ड्रिल घेतली.

बर कमी झाली, हे निश्चित. परंतु त्याचे सर्व श्रेय ड्रिलला देता येणार नाही. ३१६ चिवट असल्याने ड्रिल पलीकडे निघताना तळाचा शेवटचा पातळ थर कापला जाण्याऐवजी बाहेर वाकतो, आणि ड्रिलवर जितका जोर द्यावा लागतो तितका तो अधिक वाकतो. स्प्लिट टोक मधोमध केवळ दाबत न राहता कापते, त्यामुळे जोर कमी लागतो. खरा फरक मात्र जॉबखाली, म्हणजे भोक पाडायच्या तुकड्याखाली, सपाट लोखंडी पट्टी घट्ट आवळल्यावर दिसला, कारण त्या थराला वाकायला जागाच उरत नाही.

८ मिमीच्या ड्रिलला आम्ही मिनिटाला साधारण ४५० ते ५०० फेरे ठेवतो आणि कटिंग ऑईल सतत सोडतो. फीड, म्हणजे ड्रिल आत सरकवणे, मध्येच थांबवून ड्रिल नुसते घासू दिले, तर तेथील धातू कडक होतो आणि पुढे धार तेथेच बोथट होते. हाताने चालवायच्या पिलर मशीनवर नव्या कारागिराला हे पुन्हापुन्हा सांगावे लागते. पलीकडे निघताना फीड हलका करावा, पण तोडू नये.

उणीव एकच, पण मोठी आहे. धार गेल्याचे पहिले लक्षण म्हणजे वाढलेली बर, आणि नेहमीच्या ग्राइंडरवर हाताने धार लावली की स्प्लिट टोक पूर्वीसारखे राहत नाही, दोन्ही ओठ (कापणाऱ्या कडा) समान येत नाहीत, भोक मोठे होते. त्यामुळे धार लावण्याची योग्य सोय नसेल, तर ही ड्रिल महाग पडतात. उरलेली बारीक बर आम्ही ९० अंशांच्या काउंटरसिंकने (भोकाची कड तिरपी कापणाऱ्या हत्याराने) काढतो. साध्या पोलादाची तारेची ब्रश मात्र वापरत नाही, कारण तिचे लोहकण पृष्ठभागावर राहून खाऱ्या हवेत तांबूस डाग पाडतात. २ मिमीखालच्या पत्र्यासाठी मी ही ड्रिल सुचवणार नाही, तेथे पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारे स्टेप ड्रिल अधिक स्वच्छ भोक पाडते.