सूर्यफुलाच्या टरफलाचा पांढरा कोळसा : फरसाणाच्या भट्टीवर कसा वाटला?

लातुरात आमची फरसाणाची भट्टी. एरवी सोयाबीनच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या लावतो, यांनाच पांढरा कोळसा म्हणतात. यंदा तेलगिरणीतून निघणाऱ्या सूर्यफुलाच्या टरफलाच्या कांड्या मागवल्या. किलोमागे रुपया जास्त पडला.

जळायला एक नंबर! टरफलात थोडंफार तेल आणि मेण उरतं, त्यामुळे लवकर पेट घेतात. कढई झटकन तापते, पापडी तेल पीत नाही. धूर सुरुवातीला होतो, मग बेताचाच.

पण जाळीकडे लक्ष ठेवा. या टरफलाच्या राखेत पोटॅश भरपूर असतं, म्हणून जास्त आचेवर राख वितळून खंगर धरते. काचेसारखे काळपट खडे जाळीला असे चिकटतात की पहारीशिवाय निघत नाहीत. हवा कोंडली की आच मंदावते आणि शेवेचा घाणा कच्चा निघतो. आमचा कारागीर रोज संध्याकाळी कुरकुरतो, ते उगीच नाही. सोयाबीनच्या कांड्या निम्म्या मिसळल्यापासून त्रास बराच कमी झालाय.

भुसभुशीत राख मात्र मी फेकत नाही, गावाकडच्या केळीला थोडी थोडी घालते. रशियात कुबान भागात एके काळी सूर्यफुलाच्या धाटांच्या राखेतून पोटॅश काढायचेच की. जमीन चोपण, म्हणजे आधीच अल्कधर्मी, असेल तर घालू नका, राखही अल्कधर्मी असते.

पुरवठादाराचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या खेपेची निम्मी पोती ओली निघाली, कांड्या हातात चुरा होत होत्या. बदलून द्यायला टाळाटाळ केली. पोतं उतरवून घेण्याआधी एक कांडी मोडून बघा. कट्टकन मोडली तरच पैसे द्या.