गेमिंग लॅपटॉपची थर्मल पेस्ट: पैसे ब्रँडेडचे, माल डबीतला

लॅपटॉप तापतो म्हणून दुकानात दिला, प्रोसेसरची उष्णता वरच्या तांब्याच्या प्लेटीत नेणारी थर्मल पेस्ट बदलायला ‘इंपोर्टेड पेस्ट’च्या नावाने दीड-दोन हजार मोजले, घरी आणला तेव्हा गार. महिना-सव्वा महिन्यात प्रोसेसर पुन्हा १०० अंशांना टेकतो आणि गेम अडखळायला लागतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: “साहेब, हे मॉडेलच तापट आहे.”

मॉडेल तापट असेलही. पण पहिल्या दिवशीचा गारवा हा पेस्ट चांगली असल्याचा पुरावा नव्हे. पंख्याच्या तोंडाशी जाळीत साचलेला धुळीचा थर काढला की तेवढ्यानेच बराच फरक पडतो, आणि ताजी, ओली पेस्ट कुठलीही असो, आठवडाभर ती बरीच वागते. सगळी फसवणूक या आठवड्यावर चालते.

त्यातली सर्वांत बेमालूम युक्ती तर पेस्टला हातही न लावता होते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केलं की टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला मूळ वेगाच्या वर पळायची सोय, बंद पडते. कोअर आय७-१२७००एच घ्या. चार गिगाहर्ट्झच्या वर पळणारा हा प्रोसेसर २.३ वर अडकून बसतो, खातो त्या वॅटमध्ये मोठी घट होते आणि तापमान वीसेक अंशांनी उतरतं. गिऱ्हाईक खूश. टास्क मॅनेजरमध्ये लोड असताना वेग मूळ आकड्याच्या (इथे २.३) वर हलत नसेल, तर तुमची पेस्ट बदललेली नाही, तुमचा लॅपटॉप हळू केलाय. म्हणून नुसतं तापमान बघून पैसे देऊ नका, वॅट बघा. लॅपटॉप देण्याआधी एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून सिनेबेंच आर२३ ची (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून स्कोअर देणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटांची चाचणी घ्या आणि चार गोष्टींचा फोटो काढा: स्कोअर, सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ते वॅट), प्रत्येक कोअरचं तापमान, पंख्याचा मोड. परत घेताना तीच चाचणी त्याच मोडवर, दुकानातच. तापमान उतरलं आणि स्कोअरही पडला, तर काय झालं ते कळलंच.

आता पेस्ट खरोखर बदलली, पण हलकी लावली, असा लॅपटॉप महिन्याभराने उघडला की काय दिसतं ते बघा. हीटसिंक (तांब्याच्या प्लेटीसकट उष्णता बाहेर नेणारा भाग) उचलल्यावर डायच्या, म्हणजे प्रोसेसरच्या उघड्या सिलिकॉन चिपच्या, कडेला पांढरी, चिकट कड साचलेली आणि मधे सिलिकॉन आरशासारखं उघडं. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखी धातूची टोपी नसते. डाय आणि तांब्याची प्लेट तापली की किंचित वाकतात, गार झाली की सरळ होतात, आणि प्रत्येक वेळी पातळ पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. याला पंप-आउट म्हणतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत डबीत मिळणारं पांढरं हीटसिंक कंपाऊंड ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरसाठी ठीक असतं. १०० अंशांपर्यंत वरखाली होणाऱ्या उघड्या डायवर ते टिकत नाही.

सिरिंजवर नाव आर्क्टिक कंपनीच्या एमएक्स-४ या पेस्टचं आणि आत डबीतला माल, हा नेहमीचा खेळ. एमएक्स-४ राखाडी असते. पांढरी निघाली की विषय संपला. राखाडी निघाली म्हणजे अस्सल असंही नाही, कारण स्वस्तातली जीडी९०० पण राखाडीच. आर्क्टिकच्या साइटवर अस्सलपणा तपासायची सोय आहे, म्हणून सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. बिलात ‘पूर्ण ट्यूब’ लावली असेल तर तिथेच थांबवा. सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्स चिप) मिळून जेमतेम अर्धा ग्रॅम लागतो, चार ग्रॅमच्या सिरिंजमध्ये सात-आठ लॅपटॉप होतात. ट्यूबचे पैसे घेतले तर उरलेली ट्यूब तुमची.

पाकिटावरच्या वॅट प्रति मीटर-केल्विनच्या (पेस्ट उष्णता किती वाहून नेते त्याच्या) आकड्याला फार भुलू नका. तो प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजते आणि नकली पाकिटावर तर छापायला काहीच लागत नाही. लॅपटॉपला घट्ट पेस्ट हवी. एमएक्स-४ पेक्षा एमएक्स-६ बरी, आणि सर्वांत टिकाऊ हनीवेलची पीटीएम७९५०.

पण पीटीएममध्येच सध्या नकलीचा सुळसुळाट आहे. ही पेस्ट नाही, ०.२५ मिमी जाडीची राखाडी शीट असते. साधारण ४५ अंशांना ती मऊ होते आणि दाबाखाली पसरून अगदी पातळ थर बनते. नकली म्हणून येतं ते साधं सिलिकॉनचं पॅड. ओळख सोपी आहे: कोपऱ्याचा तुकडा ओढून बघा. रबरासारखा ताणला जाऊन परत आला तर पॅड आहे, अस्सल शीट मेणासारखी तुटते. हेअर ड्रायरखाली अस्सल शीट बोटाने फासली जाते, पॅड तसंच राहतं. लावण्याआधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की वरचा कागद शीट न फाटता निघतो. इथे विक्रेते एका खऱ्या गोष्टीची ढाल करतात. अस्सल पीटीएमलाही बसायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे “पंधरा दिवस वापरा, सेट होईल” म्हणत परत करायची मुदत संपवली जाते. पंधरा दिवस लागत नाहीत. अर्ध्या तासाच्या लोडच्या तीन-चार फेऱ्यांत आकडा उतरला नाही तर शीट नकली किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही.

हीटसिंक न बसण्याचं कारण बहुतेकदा बाजूच्या चिप्सवर लावलेले उष्णता नेणारे मऊ पॅड. व्हीरॅमवर (ग्राफिक्सच्या मेमरीवर) १ मिमीचं पॅड असताना हाताशी होतं म्हणून १.५ चं लावलं, की तांब्याची प्लेट डायपासून उचलली जाते. मग पेस्ट सोन्याची लावा, उपयोग शून्य. हीटसिंकवर स्क्रूंचे क्रमांक कोरलेले असतात. त्या क्रमाने, थोडे थोडे न आवळता एकच बाजू पक्की केली तर एका कोअरचं तापमान बाकीच्यांपेक्षा पंधरा अंशांनी जास्त दिसतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेत जीपीयू तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांतला फरक २५ च्या वर गेला तरी हाच संशय घ्या.

काम देण्याआधी कंपनीने आत काय लावलंय तेही विचारा. लेनोवोच्या काही लीजन मॉडेलांत मुळातच पीटीएम असते, आसूसच्या बऱ्याच आरओजी मॉडेलांत सीपीयूवर लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी द्रव धातू. ते पुसून साधी पेस्ट लावणं म्हणजे पैसे देऊन वाईट करून घेणं. शिवाय लिक्विड मेटलचा थेंब बोर्डवर सांडला तर शॉर्ट होतो, ॲल्युमिनियमला लागला तर ते पोखरतं. “सगळ्याला एकच पेस्ट चालते” म्हणणाऱ्याच्या हाती असा लॅपटॉप देऊ नका.

बिलावर पेस्टचं पूर्ण नाव, पॅडची जाडी आणि जुने पॅड परत दिल्याची नोंद लिहून घ्या. नंतर वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तिथे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट आणि हे बिलच कामाला येतं, तोंडी ‘इंपोर्टेड’ला काही किंमत नाही.